इयत्ता आली तेव्हा काय गेलं? पंतोजी, सयाजीराव आणि कोसबाडची टेकडी

बडोद्याच्या वाड्यात १८७५ साली एक अडचण उभी राहिली होती. ती आजच्या कुठल्याही मुख्याध्यापकाला ओळखीची वाटेल. त्या वर्षी गादीवर बसलेला मुलगा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, त्याचा सयाजीराव झाला, आणि मग प्रश्न आला की याला शिकवायचं कुठून? सहा वर्षांच्या पोरांसारखं मुळाक्षरांपासून, की बाराव्या वर्षी जे यायला हवं तिथून?

उत्तर सोपं निघालं, कारण पैसा होता. मुलगा जिथे होता तिथूनच सुरुवात झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस एफ. ए. एच. इलियट नावाचा आयसीएस अधिकारी शिक्षक म्हणून आला. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा, गणित, इतिहास, घोडेस्वारी, सगळं त्या एका मुलाच्या अंदाजानं बेतलेलं. शेवटी दिवाण सर टी. माधवरावांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली, तीही श्रोता एकच गृहीत धरून. २८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांच्या हाती कारभार आला. अक्षरशत्रू मुलापासून राज्य चालवणाऱ्या तरुणापर्यंतचं अंतर साडेसहा वर्षांत कापलं गेलं. आज ज्याला 'पर्सनलाइज्ड लर्निंग' म्हणतात आणि ज्याच्या नावावर टॅब्लेट विकले जातात, त्याचं याहून ठसठशीत उदाहरण आपल्या शहरात दुसरं नाही.

आता पुढची गंमत बघा. याच माणसानं १८९३ मध्ये अमरेली गाव आणि आसपासच्या नऊ खेड्यांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं. १९०६ मध्ये ते सगळ्या राज्यात नेलं. मुलगे ७ ते १२ वर्षांचे, मुली ७ ते १० वर्षांच्या, सगळ्यांनी शाळेत यायचं, नाही आले तर पालकांना दंड. हिंदुस्थानात हे कोणी केलं नव्हतं. पाच वर्षांनी, मार्च १९११ मध्ये, गोखल्यांनी कलकत्त्याच्या कौन्सिलात आपलं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला समोर होता. पण या सक्तीच्या शाळांत मुलांना बसवलं कसं? इयत्तेनं. पहिली, दुसरी, तिसरी. ज्याला स्वतःच्या पायरीवरून चढता आलं, त्याच्याच राज्यात प्रत्येक मुलाला एकाच जिन्यावरून, एकाच वेळी, एकाच पावलानं चढायला लावलं गेलं.

मी याला दांभिकपणा म्हणणार नाही. मी आयुष्यातली बरीच वर्षं कारखान्यात घालवली. एक नग हातानं घडवणं आणि हजार नग काढणं यात काय बदलतं, ते मला अंगानं ठाऊक आहे. पण काय बदललं आणि बदलताना काय गळून पडलं, हे नीट बघायला हवं. बडोद्याच्या शिक्षणाबद्दल लिहिताना आपण सक्तीचा अभिमान सांगतो (सांगावाच), पण वर्गाच्या आत काय चाललं होतं तिकडे फारसं वळत नाही.

आधी एक हिशेब मांडू. शाळा पाच तासांची, म्हणजे ३०० मिनिटं. वर्गात ४० मुलं. शिक्षकानं प्रत्येकाला वेगळं शिकवायचं ठरवलं तर एकेकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात. साडेसात मिनिटं ही काही वाईट गोष्ट नव्हे. नीट दिली तर खूप होतं त्यात. खरा प्रश्न तो नाहीच. मास्तर एकाजवळ बसलेले असताना बाकीची एकोणचाळीस मुलं काय करत असतात, हा खरा प्रश्न आहे. प्राथमिक शाळेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास मला तरी या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांचा इतिहास वाटतो.

पहिलं उत्तर पंतोजीचं. आपल्याकडे पंतोजीची शाळा, गुजरातीत गामठी निशाळ. देवळाच्या ओवरीत, कुणाच्या पडवीत, कधी पंतोजीच्याच घरी. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात जी पाहणी झाली तिच्यात सुमारे १,७०० देशी शाळा आणि ३५,००० मुलं मोजली गेली. रा. वि. परुळेकरांनी हे कागद १९५१ मध्ये संपादून छापले, म्हणून आपल्याला घरबसल्या वाचायला मिळतात. भागाकार केला तर एका शाळेत वीस-एकवीस मुलं. प्रत्यक्षात कुठे सात, कुठे पन्नास असणार, पण अंदाज येतो.

या वीस मुलांत इयत्ता नव्हती. मूल दसऱ्याला किंवा घरच्यांना सोयीच्या एखाद्या चांगल्या दिवशी यायचं, म्हणजे 'जूनमध्ये वर्ग सुरू' असला प्रकार नाही. आल्यावर 'ओनामासीधं' (मूळ 'ॐ नमः सिद्धम्', पोरांच्या तोंडात जाऊन त्याचं हे झालं), मग धुळपाटीवर बोटानं मुळाक्षरं, मग बाराखडी, मग मोडीचे कित्ते बोरूनं. बाजूला अंक आणि पाढे. पाढे म्हणजे नुसते बे एके बे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी. माझ्या आजोबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, शेवटपर्यंत येत होता आणि भाजीवाल्याची त्यामुळे पंचाईत व्हायची. ज्याची बाराखडी आठ महिन्यांत झाली तो पुढे गेला, ज्याची दोन वर्षांत झाली तो दोन वर्षांनी पुढे गेला. शेतीच्या कामाला चार महिने गेलेला मुलगा परत आला की सोडलं तिथून धरायचा. तो 'नापास' व्हायचा नाही, कारण पास होण्यासारखं काही नव्हतंच. बापाला वाटलं की पोराला दुकानापुरता हिशेब आला, की शिक्षण संपलं.

मग बाकीची एकोणीस मुलं काय करायची? मोठी मुलं धाकट्यांना गिरवून घ्यायची. पाढे सगळे मिळून मोठ्यानं म्हणायचे. उरलेले आपापल्या पाटीवर. पंतोजी एकेकाला जवळ बोलावून त्याचा धडा घ्यायचा आणि नवा द्यायचा. म्हणजे सामूहिक घोकंपट्टी आणि वैयक्तिक धडा या दोन्ही गोष्टी एकाच पडवीत.

इथे थांबून सांगतो, मी पंतोजीची आरती करायला बसलेलो नाही. अलीकडे समाजमाध्यमांवर 'आमची सुवर्णयुगीन गुरुकुलं' या थाटाचं बरंच फिरतं. त्या वीस मुलांत अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलं नव्हती, मुली जवळजवळ नव्हत्या, आणि छडीपासून उलटं टांगण्यापर्यंत शिक्षांची यादी लांब होती. गती ज्याची त्याची होती. पण काय शिकायचं, का शिकायचं यात मुलाला काडीची निवड नव्हती. छापील पुस्तक नव्हतं. एकट्याच्या गतीनं शिकणं आणि मुलाचा विचार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पंतोजीच्या शाळेवरूनच कळतं.

या पडवीतलं एक तंत्र मात्र दर्यापार गेलं. मद्रासला एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख, डॉ. अँड्र्यू बेल, यानं देशी शाळेत मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढताना पाहिली. १७८९ पासून तो त्या शाळेत होता. त्याच्या मास्तरांना हे वाळूचं प्रकरण कमीपणाचं वाटलं, तेव्हा त्यानं मुळाक्षरांचा वर्ग एका मुलाच्याच हाती दिला, आणि तो चालला! १७९७ मध्ये बेलनं लंडनात यावर पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरनं लंडनमधल्या गरीब वस्तीत याच धर्तीची शाळा सुरू केली. पोरांनी पोरांना शिकवायची ही 'मॉनिटर' पद्धत मग जगभर गेली, आणि १८२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीमार्फत ती आपल्याकडे इंग्रजी कपडे घालून परतही आली. जाताना ती वीस मुलांची पडवी होती. येताना शेकडो मुलांचं एकाच मास्तरवर भागवणारं, शिट्टीवर चालणारं यंत्र झाली होती. लँकेस्टरला आकर्षण होतं ते स्वस्ताईचं. तरी बेलच्या मूळ पद्धतीत एक चांगली खोड शिल्लक होती, की तयार झालेल्या मुलाला वर्ष संपायची वाट न बघता वरच्या गटात टाकायचं.

ही खोड इयत्तेनं मोडली.

'इयत्ता' हा शब्दच मजेशीर आहे. संस्कृतात त्याचा अर्थ 'इतकेपणा', म्हणजे प्रमाण, मोजमाप. ज्या कुणी हा शब्द वर्गासाठी निवडला त्यानं नकळत खरं बोलून टाकलं. गुजरातीत त्यालाच 'धोरण' म्हणतात, म्हणून आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत पोरं 'मी चौथ्या धोरणात आहे' असं सांगतात आणि पुण्याहून आलेला पाहुणा गोंधळतो. इयत्ता म्हणा की धोरण म्हणा, दोन्ही 'स्टँडर्ड'ची भाषांतरं, आणि स्टँडर्ड म्हणजे प्रमाण. कारखान्यातलं असतं तेच.

हे प्रमाण कुणाला हवं होतं? मुलाला नव्हे, मास्तरलाही नव्हे. ते हवं होतं पैसे देणाऱ्याला. १८६२ मध्ये इंग्लंडात रॉबर्ट लोची 'रिवाइज्ड कोड' आली. वाचन, लेखन, अंकगणित, सहा स्टँडर्डं, दर वर्षी तपासनीस येणार, एकेका मुलाची परीक्षा घेणार, आणि पास मुलांच्या संख्येवर शाळेचं अनुदान ठरणार. 'निकाल तसा पैसा.' मुंबई इलाख्यातही अनुदानाच्या नियमांत हे तत्त्व आलं, आणि १८८२ च्या हंटर आयोगानं देशी शाळांना मदत देण्यासाठी याच पद्धतीची शिफारस केली. गावोगावचे पंतोजी मग 'डिपोटी'ची वाट बघू लागले. डिपोटी येणार म्हणजे वर्ग एकसारखा दिसला पाहिजे. पुढे गेलेल्या मुलाचा उपयोग नाही, त्यानं थांबायचं. मागे पडलेल्याचा तोटाच, त्याला पुन्हा त्याच इयत्तेत बसवायचं.

बाकीच्या एकोणचाळीस जणांचं काय, या प्रश्नाला इयत्तेनं दिलेलं उत्तर साधं आणि बुद्धिमान आहे हे कबूल करायला हवं: चाळीसही जणांनी एकाच वेळी एकच गोष्ट करायची, म्हणजे 'बाकीचे' कोणी उरतच नाहीत. प्रश्नच नाहीसा. शेकडो खेड्यांत, नुकत्याच तयार झालेल्या मास्तरांच्या हाती, सगळ्या जातींची मुलं आणि मुलीही शाळेत आणायच्या तर सयाजीरावांपुढे दुसरा मार्ग काय होता? मला तरी दिसत नाही. पंतोजीची गती फक्त निवडक वीस जणांना मिळत होती. सक्तीनं दार सगळ्यांना उघडलं. या सौद्यात मी सयाजीरावांच्या बाजूनं आहे.

पण सौद्याची किंमत होती, आणि ती कुणी मोजली? तिचे आकडे १९२९ मध्ये आले. सर फिलिप हार्टोग यांच्या समितीनं ब्रिटिश हिंदुस्थानाचा हिशेब काढला. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ मध्ये चौथीत फक्त १८ होती. उरलेली ८२ शाळा सोडून गेली होती नाहीतर खालच्या इयत्तांत अडकून पडली होती. 'गळती' आणि 'स्थगिती' हे शब्द आपल्या शिक्षणाच्या भाषेत तेव्हापासून रुळले. कारखान्यात शंभरातले ब्याऐंशी नग वाया गेले तर आम्ही माल देणाऱ्याला शिव्या देत नाही, आधी यंत्र थांबवतो. हार्टोग समितीचा सल्ला होता की विस्तार जरा आवरा, आहे ते सुधारा. परुळेकरांसारख्या मराठी शिक्षणतज्ज्ञांना तो पटला नाही. आधी सगळ्यांपर्यंत पोचा, असं त्यांचं म्हणणं. गुणवत्ता की संख्या, हा वाद त्या काळी कडाडून झाला आणि आजही त्याच सुरात चालतो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र जवळपास गृहीत धरली होती, की शिकायचं म्हणजे इयत्तेनंच. चार महिने शेतावर गेलेला मुलगा पंतोजीकडे सोडलं तिथून धरत होता, तोच आता वर्ष गमावत होता. त्याची बुद्धी तीच होती. बदललं होतं ते शाळेचं वेळापत्रक.

इयत्तेला आतून पहिला धक्का दिला तो एका वकिलानं. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ चा, आजच्या अमरेली जिल्ह्यातल्या चित्तळचा. म्हणजे सयाजीरावांनी ज्या भागात सक्तीचा प्रयोग केला, त्याच मुलुखातला. वढवाणला वकिली करत होते. १९१३ मध्ये मुलगा झाला, त्याला शिकवायचं कसं या विचारात मारिया माँटेसरींचं लिखाण हाती आलं, आणि वकिली सुटली. नानाभाई भट्टांच्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १ ऑगस्ट १९२० ला बालमंदिर सुरू केलं.

माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या कामगार वस्तीत पहिलं बालगृह काढलं तेव्हा त्यांच्याकडे पन्नासच्या आसपास मुलं होती आणि सांभाळायला शिक्षणशास्त्राचं प्रशिक्षण नसलेली एक तरुणी. म्हणजे आमचा हिशेब तिथेही तोच. त्यांचं उत्तर होतं साधनं. लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत नेमके बसणारे दट्टे घ्या. चुकीच्या भोकात दट्टा घातला तर शेवटी एक दट्टा उरतो आणि त्याला जागाच नसते. चूक झाली हे बाईंनी सांगावं लागत नाही, दट्टाच सांगतो. आमच्याकडे सुटे भाग तपासायला 'गो–नो-गो गेज' असतं. भाग आत गेला तर ठीक, नाहीतर नाही, साहेबाला विचारायला जायचं काम नाही. हे तेच. तपासनीस वस्तूतच बसवला, की बाई एका मुलाजवळ निवांत बसू शकतात आणि बाकीची एकोणचाळीस मुलं रिकामी नसतात.

आणि खरखरीत कागदाची अक्षरं, ज्यांवरून मूल बोट फिरवतं? आपल्या धुळपाटीची सख्खी बहीण. मला हे जेव्हा लक्षात आलं तेव्हा फार मौज वाटली. पंतोजी, बेल आणि माँटेसरी, तिघांनीही अक्षर आधी बोटाला शिकवलं.

आता आपल्या मराठी माणसांच्या दृष्टीनं महत्त्वाचा धागा येतो. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य असलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये ती नोकरी सोडून भावनगरला गिजुभाईंकडे गेल्या. जन्म मुंबईचा (१८९२), माहेरचं आडनाव केळकर. राजकोटला राहून गुजराती उत्तम झालेली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, 'शिक्षणपत्रिका' गुजरातीत होतीच, १९३३ पासून ती ताराबाईंनी मराठीत चालवली. मराठी घरांत 'मुलाला मारू नका, त्याच्या कलानं घ्या' हे वाक्य आज इतकं गुळगुळीत झालंय, पण ते रुजवण्यात या गुजराती-मराठी जोडीचा वाटा किती मोठा आहे हे आपण विसरतो. आपलं मंडळ गुजरात-महाराष्ट्राच्या देवाणघेवाणीबद्दल बोलताना पेशवे-गायकवाडांच्या तहांवर तासन् तास बोलतं. या देवाणघेवाणीवरही एखादी संध्याकाळ जावी.

बालमंदिर अडीच ते सहा वर्षांच्या मुलांचं. त्यापुढच्या प्राथमिक वर्गाचं काय? गिजुभाईंनी याचं उत्तर 'दिवास्वप्न' या गोष्टीरूप पुस्तकात शोधलं. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. अधिकारी देतो, पण परीक्षेचा बडगा ठेवून. मला या पुस्तकातला सर्वांत प्रामाणिक भाग पहिल्या दिवसाचा वाटतो. माँटेसरी वाचून आलेला लक्ष्मीराम मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि वर्गात धुमाकूळ होतो. त्याला कळतं की चार वर्षं इयत्तेच्या चरकातून निघालेल्या मुलांना एकदम मोकळं सोडून चालत नाही. मग तो गोष्टी सांगायला लागतो. प्रयोग करू बघणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं तो पहिला दिवस वाचावा.

तरीही भावनगर, आणि नंतर १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला काढलेलं शिशुविहार, ही मुख्यतः शहरी मध्यमवर्गाची ठिकाणं. साधनं महाग. टीकाकारांनी म्हटलंही, की हे पैसेवाल्यांचं कौतुक आहे. सयाजीरावांचाच पेच दुसऱ्या टोकानं आला: इलियटसारखा शिक्षक एका मुलाला मिळतो, खेड्यातल्या शंभरांना नाही.

ताराबाईंनी हे मनावर घेतलं. १९४५ च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. सोबत पुण्याच्या हुजूरपागेतली नोकरी केलेल्या अनुताई वाघ. बोर्डी म्हणजे मराठी आणि गुजराती जिथे एकमेकींत मिसळतात तो पट्टा. हरिजनवाड्यात बालवाडी उघडली, तर मुलं येईनात. आई-बाप मजुरीला, मोठं भावंड धाकट्याला सांभाळायला घरी. मग बालवाडी मुलांच्या अंगणात गेली. नखं काढणं, आंघोळ, खाऊ, गाणी, आणि त्यातच मोजणं, जुळवणं, लावणं. दट्ट्यांच्या जागी शिंपले, गोटे, बिया, पानं, बांबूच्या कांड्या. लहान-मोठ्या शिंपल्यांची रांग लावताना चूक झाली की तीही डोळ्यांना दिसतेच. म्हणजे साधनातला 'तपासनीस' राहिला, फक्त आयात केलेलं लाकूड गेलं. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी फलकावर देशभर वाचतो आपण, त्यामागे हे अंगण आहे.

१९५६-५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेलं. इथे माझ्या विषयाचा गाभा आहे. धाकट्या भावंडामुळे मोठी मुलगी शाळेत येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. तिचं नाव विकासवाडी. मुलगी भावंडाला घेऊनच येते. गुरं राखणारं पोर येत नाही, तर शाळा कुरणात नेली; तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरतात, बाई झाडाखाली बसतात, आणि ज्याचं गुरू भलतीकडे गेलं तो उठून वळवून आणतो आणि पुन्हा सोडलं तिथून धरतो. सोडलं तिथून धरणं! पंतोजीच्या पडवीतून गेलेली ती एक गोष्ट, शंभरेक वर्षांनी, जातीचं कुंपण आणि छडी वगळून, वारल्यांच्या कुरणात परत आलेली दिसते.

या कामाचं कौतुक खूप झालं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. पण ते पसरलं किती? अंगणवाडी पसरली, कुरणशाळा नाही. अंगणवाडीला एक इमारत, एक सेविका, एक रजिस्टर चालतं. कुरणशाळेला अशी बाई लागते जिला वीस मुलांपैकी प्रत्येक जण कालपर्यंत कुठे पोचला होता हे डोक्यात ठेवता येतं. अशा बाया कोसबाडला होत्या कारण ताराबाई-अनुताई तिथे राहत होत्या. नुसत्या परिपत्रकानं बाई घडत नाही.

ही 'डोक्यात ठेवायची' गोष्ट कागदावर आणायचा सर्वांत चांगला प्रयत्न, माझ्या मते, आपल्या बेळगावच्या मित्रांच्या राज्यात झाला. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात 'नली-कली' सुरू झालं. तिथले शिक्षक आंध्रातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीच्या खेडोपाडीच्या शाळा बघून आले होते. भाषा आणि गणिताची लहान लहान पायऱ्यांत मोडलेली शिडी भिंतीवर असते, प्रत्येक पायरीचं कार्ड असतं, आणि मूल स्वतः जाऊन आपलं कार्ड उचलतं. पहिली-दुसरी-तिसरी एकत्र बसतात. गट इयत्तेनं नाही पडत, मदतीनं पडतात: काहींना पूर्ण शिक्षकाची मदत, काहींना थोडी, काहींना मित्राची, काही एकटेच. आमच्या एकोणचाळीस जणांच्या प्रश्नाचं इतकं रोखठोक उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. गैरहजर राहिलेलं मूल परत आलं की त्याची पायरी त्याची वाट बघत असते. इथेही अडचण शिक्षकाचीच. कार्डं जुनी झाली, बदल्या झाल्या, शिक्षकाला शिडी 'वरून आलेलं आणखी एक काम' वाटली, की कार्डांची पेटी कपाटात जाते आणि चाळीस जण पुन्हा फळ्याकडे तोंड करून बसतात.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा म्हणतो की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुसार वर्गात घ्या आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवणी द्या. बाराव्या वर्षी अक्षरओळख नसलेला कवळाण्याचा गोपाळ आज कुठल्याही शाळेत आला तर तो कायद्यानं थेट वरच्या वर्गात बसेल. बसल्यावर त्याचा इलियट कोण, हे मात्र त्या त्या शाळेतल्या बाईंच्या साडेसात मिनिटांवर आहे.

बडोद्याच्या जुन्या मराठी आणि गुजराती प्राथमिक शाळांचे सक्तीच्या पहिल्या वर्षांतले हजेरीपट कुणाच्या घरी, माळ्यावर, निवृत्त शिक्षकांच्या ट्रंकेत असतील तर मंडळाला जरूर कळवावं. मला त्यांत दोन रकाने बघायचे आहेत: मुलाचं वय, आणि तो त्याच इयत्तेत कितव्यांदा बसला. हार्टोगचा १८ चा आकडा ब्रिटिश मुलुखाचा आहे. आपल्या गल्लीतल्या शाळेचा किती होता, ते त्या पिवळ्या कागदांवरून काढता येईल. 'शिक्षणपत्रिके'चे जुने मराठी अंक, विशेषतः चाळिशीच्या दशकातले, असतील तर तेही. स्कॅन करून मूळ प्रत परत देण्याची हमी माझी.